कडी-कोयंडा, पाळणा आणि शिसे

शहादा तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "घरात सासूबाईंच्या वेळचा सागवानी पाळणा आहे. त्याला पितळी कड्या, पितळी साखळ्या आणि वर मोर आहेत. लाकडाला मध्यंतरी केव्हातरी पिवळा व लाल ऑइल पेंट दिलेला आहे. कड्यांवर हिरवा थर चढतो. लेक पहिल्या बाळंतपणासाठी येणार आहे. हा पाळणा वापरावा की नाही? पितळ विषारी असते असे कोणीतरी सांगितले."

प्रश्न चांगला आहे आणि वेळेवर विचारला आहे. आपल्याकडे कपाट, पलंग, पाळणा घेताना लाकूड कोणते, पत्रा किती गेजचा, पॉलिश कसे, हे आपण बारकाईने पाहतो. पण त्याला लावलेल्या मुठी, कड्या, बिजागऱ्या कशाच्या आहेत आणि त्यावरचा रंग कशाचा आहे, हे कोणी विचारत नाही. घरातले रांगते मूल मात्र नेमके तेच हाताळते आणि तेच चाटते.

प्रथम हिरव्या थराबद्दल. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. तो कळक म्हणजे तांब्याचे क्षार. आंबट पदार्थ, घाम किंवा ओल लागली की पितळेतील तांबे हिरवे होते. हा थर पोटात गेला तर मळमळ, उलटी, पोटदुखी होते. उलटी लगेच होत असल्याने आणि चव तुरट-कडू असल्याने मूल तो फारसा खात नाही. चिंच किंवा लिंबाने घासून, धुऊन, पुसून कोरडे केले की काम भागते. मला काळजी या हिरव्या थराची नाही. जे डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याला वाईट चव नाही, त्या शिशाची आहे.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, असे आपण शाळेत शिकलो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. ज्या पितळेपासून लेथवर कातून मुठी, कड्या, स्क्रू, नळाचे भाग आणि कुलपाचे आतले भाग तयार होतात, त्यात मुद्दाम साधारण दोन ते साडेतीन टक्के शिसे घातलेले असते. कारण साधे आहे. शिसे असले की कातताना कीस बारीक तुटून पडतो, हत्यार लवकर बोथट होत नाही आणि काम झपाट्याने होते. आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये जामनगर हे अशा पितळी भागांचे मोठे केंद्र आहे आणि अलिगढ कुलपांसाठी प्रसिद्ध आहे. यात कारखानदारांची लबाडी नाही, जगभर तसेच चालत आले आहे. मात्र शिसे पितळेत विरघळत नाही. ते बारीक थेंबांच्या रूपात अडकून राहते आणि कातलेल्या पृष्ठभागावर त्याचा पातळ लेप येतो. तो हाताला लागतो.

मोठ्या माणसाने दिवसातून दहा वेळा पितळी कडी धरली तरी जेवणाआधी हात धुतले की प्रश्न मिटला. लहान मुलाचे तसे नाही. रडणाऱ्या बाळाला गप्प करण्यासाठी चाव्यांचा जुडगा हातात देण्याची सवय घरोघरी आहे. दात येत असलेले मूल तो जुडगा थेट तोंडात घालते. पितळी चावी हे चोखण्याचे खेळणे नव्हे. (फीट आल्यावर हातात चाव्या देतात, त्याचाही काही उपयोग नसतो. मुलाला कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा.)

तरीही घरातील शिशाचा हिशेब मांडला तर पितळेचा वाटा लहान निघतो. मोठा वाटा रंगाचा आहे. लोखंडी खाट, खिडकीचे गज, ग्रील, कपाटाचे पाय, लाकडी पाळणा, दाराच्या कड्या-कोयंडे या सर्वांवर वर्षानुवर्षे चढवलेल्या ऑइल पेंटच्या पापुद्र्यात ते असते. जुन्या लोकांना शेंदूर, सफेदा आणि मुर्दाडशिंग ही नावे माहीत आहेत. खरा शेंदूर हे शिशाचे लाल संयुग आहे. लोखंडाला गंज चढू नये म्हणून पहिला हात त्याचा देत. सफेदा हे मूळचे शिशाचे पांढरे संयुग, ते रंगात आणि नळाच्या जोडाला सुतळीबरोबर वापरले जाई. मुर्दाडशिंग हेही शिशाचेच, ते अळशीचे तेल लवकर वाळावे म्हणून तेलात घालून उकळत. भडक पिवळा आणि नारिंगी रंग तर शिसे आणि क्रोमियम यांच्या संयुगापासूनच बनत असे, आणि त्यात निळा मिसळून हिरवा होई. म्हणून जुना रंग जितका भडक, तितका संशय जास्त. भिंतीला देतात तो चुना, डिस्टेंपर किंवा पाण्यात कालवण्याचा रंग यांत शिसे सहसा नगण्य असते.

थोडे गणित करू. जुन्या ऑइल पेंटमध्ये वजनाच्या एक टक्का किंवा त्याहून जास्त शिसे असणे ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे. अशा रंगाचा नखाएवढा पापुद्रा समजा ५० मिलिग्रॅमचा आहे. त्यात अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम शिसे आले. आता दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात साधारण ८०० मिलिलिटर रक्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम शिसे सापडले की त्याचे मूळ शोधून ते दूर करायला हवे. या पातळीला मुलाच्या सगळ्या रक्तात मिळून शिसे असते फक्त ४० मायक्रोग्रॅम. पापुद्र्यातले सगळे शिसे रक्तात उतरत नाही, बरेच शौचावाटे जाते, काही हाडांत जाऊन बसते. तरी ५०० आणि ४० हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. शिवाय मोठ्या माणसाच्या आतड्यातून शिशाचा दहावा हिस्सा शोषला जात असेल तर लहान मुलाच्या आतड्यातून निम्म्यापर्यंत शोषला जातो. आणि अमुक पातळीपर्यंत शिसे निर्धोक, अशी पातळी आजवर सापडलेली नाही.

ही गोष्ट प्रथम कोणाच्या लक्षात आली, तो इतिहास वाचनीय आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात १८९० नंतर लहान मुलांना शिशाची विषबाधा होत असल्याचे डॉक्टरांना दिसू लागले. पण शिसे येते कोठून हे कळेना. पाणी तपासले, भांडी तपासली. अखेर १९०४ मध्ये लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञाने ओसरीच्या रंगवलेल्या कठड्याकडे बोट दाखवले. तेथील कडक उन्हाने रंगाची भुकटी होत असे, मुले कठड्याला धरून खेळत आणि तीच बोटे चोखत, नखे खात. पुष्कळांना ते पटले नाही, पण १९२२ साली तेथील प्रांतिक सरकारने मुलांच्या हाताला येतील अशा जागी असा रंग देण्यावर कायद्याने बंधन घातले. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशातील उन्हात आपल्या ग्रीलवरचा रंग हाताला पांढरट भुकटी होऊन लागतो, तो प्रकार याच जातीचा.

आपल्या देशात हे सर्व उशिरा झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९८-९९ साली मुंबई आणि दिल्ली येथील तीन वर्षांखालील मुलांच्या रक्तातील शिसे मोजले गेले. त्यांपैकी १,०८१ मुलांच्या आकडेवारीचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा ७६ टक्के मुलांची पातळी ५ ते २० च्या दरम्यान निघाली. चार महिन्यांखालील बाळांपेक्षा रांगत्या आणि चालत्या मुलांत ती बरीच जास्त होती. मूल जमिनीवर उतरले, हाताला येईल ते तोंडात घालू लागले, की शिसे वाढते असा त्याचा अर्थ मी लावतो. त्या काळी पेट्रोलमध्येही शिसे होते, ते २००० साली देशभर बंद झाले. रंगासाठी केंद्र सरकारचे नियम २०१६ मध्ये निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. घरगुती आणि सजावटीच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, म्हणजे ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नको आणि तसे डब्यावर छापले पाहिजे, असा तो नियम आहे. नियम झाल्यानंतरच्या चाचण्यांतही लहान कारखान्यांच्या काही डब्यांत मर्यादेच्या कितीतरी पट शिसे आढळले आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसे असल्याचा अंदाज दिला आहे. त्यात भारतातील मुले सर्वांत अधिक.

नियमात एक पळवाटही आहे, ती लक्षात ठेवावी. नियम घरगुती रंगापुरता आहे. कारखान्यात, यंत्रांवर आणि वाहनांवर वापरायचे रंग त्यात येत नाहीत. वेल्डिंगच्या दुकानात खाट किंवा ग्रील बनवून घेतली की कारागीर हाताशी असेल तो डबा वापरतो. कधी तो ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी आणलेला असतो. म्हणून ऑर्डर देतानाच सांगावे की वस्तू बिनरंगाची द्या किंवा रंग आम्ही आणून देऊ. पाच मिनिटांचे काम आहे, पण आजवर फार थोड्या घरांत ते केलेले मी पाहिले.

शिसे शरीरात काय करते? हळूहळू रक्त कमी करते, पोट बिघडवते आणि मेंदूची वाढ खुंटवते. मूल चिडचिडे होते, भूक मंदावते, शौचास कडक होते, पोट दुखते, चेहरा पांढुरका पडतो, शाळेत लक्ष लागत नाही, शिकलेले टिकत नाही. प्रमाण फार वाढले तर उलट्या, झटके, बेशुद्धी. पण बहुतेक मुलांत यापैकी काहीही ठळक दिसत नाही. मूल जरा मागे पडते एवढेच, आणि आपण म्हणतो, "याचे डोके अभ्यासात चालत नाही."

आता आपल्या जिल्ह्याची अडचण. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांत पांढुरके मूल समोर आले की माझ्या मनात प्रथम सिकलसेल येतो, मग जंत, मग लोहाची कमतरता. ते बरोबरच आहे, शिसे त्यानंतर येते. सिकलसेलची तपासणी न करता शिशाच्या मागे लागू नये. परंतु लोह कमी असलेले मूल माती खाते, भिंतीचे पोपडे खाते, आणि लोह व कॅल्शियम कमी असले की आतडे शिसे जास्त ओढून घेते. म्हणजे कुपोषित मुलाला तोच पापुद्रा अधिक बाधतो. लोहाच्या गोळ्या आणि जंताचे औषध नीट देऊनही रक्त वाढत नाही, सिकलसेल नाही, मूल काहीबाही खाते, अशा वेळी घरातील रंगाची चौकशी करावी.

काही वर्षांपूर्वी अडीच वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला होता. पोटदुखी, बद्धकोष्ठ, माती खाण्याची सवय. जंताचे औषध आधी झालेले, सिकलसेलची तपासणी निर्दोष. बाप म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हा खाटेचा कठडासुद्धा चावतो." मी त्याला कठडा पाहून यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने कागदाच्या पुडीत रंगाच्या हिरव्या चकत्या आणल्या, खाली शेंदरी थर स्पष्ट दिसत होता. कठड्यावर दातांच्या खुणा होत्या. रक्त मुंबईला तपासणीस पाठवले, शिसे मर्यादेच्या काही पट निघाले. मात्र औषध देण्याइतकी पातळी नव्हती. खाट घराबाहेर काढली, लोह सुरू केले, हात धुण्याची सवय लावली. सहा महिन्यांनी पातळी बरीच खाली आली आणि पोटदुखी थांबली. शिसे रक्तातून महिना-दीड महिन्यात निम्मे होते, पण हाडांत बसलेले वर्षानुवर्षे राहते. म्हणूनच पातळी सावकाश उतरते. १०० मिलिलिटरला ४५ मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास शिसे बाहेर काढणारी औषधे द्यावी लागतात. ती रुग्णालयातच घ्यावी, भस्मांचे किंवा "रक्तशुद्धी"चे प्रयोग घरी करू नयेत.

गरोदर स्त्रीबद्दल वेगळे लिहितो, कारण पत्राचा खरा मुद्दा तोच आहे. हाडांत साठलेले शिसे गरोदरपणात कॅल्शियमबरोबर बाहेर पडते आणि वारेतून बाळाकडे जाते. त्यात बाहेरून भर पडायला नको. आपली पद्धत अशी की लेक बाळंतपणाला येणार म्हणून माहेरचे लोक हौसेने घर रंगवायला काढतात. पेंटर दार, खिडकी, पाळणा काचकागदाने खरडतो, भुकटी घरभर उडते, आणि त्याच आठवड्यात सातव्या-आठव्या महिन्याची लेक येऊन त्या खोलीत निजते. याहून वाईट मुहूर्त नाही. रंगकाम करायचे असेल तर ती येण्याच्या महिनाभर आधी उरकावे, नाहीतर बाळंतपणानंतर ती सासरी गेल्यावर करावे.

पाळण्यासंबंधी माझे मत असे. जुना रंग घट्ट असेल, कोठे सुटला नसेल तर तो खरडू नका. ओल्या फडक्याने पुसून वरून ९० पीपीएम छापलेल्या चांगल्या रंगाचे दोन हात द्या. पण बाळाचे तोंड पोहोचेल तो वरचा काठ याला अपवाद. तेथे मूल चावून नवा थरही काढते, तो काठ कापडाने घट्ट शिवून घ्यावा किंवा सुताराकडून लाकूड बदलून घ्यावे. रंगाचे पोपडे निघत असतील तर पाळणा माळ्यावर ठेवा आणि बाळाला सुती लुगड्याच्या झोळीत घाला. आमच्या आदिवासी भगिनींची झोळी रंगवलेल्या पाळण्यापेक्षा याबाबतीत शंभर पटीने बरी. सुंभाची बाजही तशीच. पितळी कड्या आणि मोर बाळाच्या हातापासून उंच असतील तर त्यांची भीती नाही.

रंग काढणे अटळ असेल तर कोरडे घासू नये. पाण्याने ओले करून वॉटर पेपरने घासावे, खाली प्लास्टिक अंथरावे, मुले आणि गरोदर बाई यांना दुसऱ्या घरी पाठवावे. झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावे. ब्लो लॅम्पने रंग जाळणे तर पूर्ण वर्ज्य, त्या धुराबरोबर शिसे छातीत जाते. पेंटर बंधूंनीही विडी-तंबाखूला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि कामाचे कपडे घरी मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत. मनगट लुळे पडणे, हिरड्यांवर निळसर-काळी रेघ दिसणे, वरचेवर पोटात मुरडा येणे ही त्यांच्या धंद्याची जुनी दुखणी आहेत.

इतर धातूंबद्दल थोडक्यात. चकचकीत क्रोमच्या मुठी वापरणाऱ्याला क्रोमियमची भीती नाही, ती मुलामा देणाऱ्या कारागिराला आहे. मात्र क्रोमखाली निकेलचा थर असतो, तो उघडा पडला की काहींच्या बोटांना खाज आणि चट्टे येतात. अगदी स्वस्त, ओतीव, वजनदार मूठ दोन-तीन वर्षांत आपोआप तडकू लागली, फुगली, तर जस्तात शिशासारखी भेसळ असल्याची शक्यता धरावी आणि ती काढून टाकावी. साधी लोखंडी किंवा स्टेनलेसची बिजागरी यांना माझी हरकत नाही. लोखंडाचा गंज विषारी नसतो. शिसपेन्सिलीचे टोक मुलाने गिळले म्हणून धावत येणाऱ्या आया दरवर्षी येतात. त्यात शिसे नसते, ग्राफाइट असते. शिसवी पलंगाचाही शिशाशी नावापलीकडे संबंध नाही. मारुतीचा शेंदूर मात्र खरा शेंदूर असू शकतो. तो देवाला वाहावा, बाळाच्या कपाळी किंवा तोंडाजवळ लावू नये.

आहारात मुलाला उपाशी पोटी ठेवू नये, रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते. बाजरी, नाचणी, हिरव्या भाज्या, डाळी, दूध, अंडे, सोबत लिंबू किंवा आवळा, हे सगळे आपल्या आठवडे बाजारात मिळते.

शेवटी जुन्या लाकडाचे काय करावे? वाडा पाडला, चौकटी निघाल्या की त्या बंबात किंवा चुलीत जातात. रंगवलेले लाकूड जाळू नये. रंग धुरात जातो, उरलेले शिसे राखेत राहते, आणि त्याच राखेने भांडी घासली जातात, काही घरांत दातही. रंग असलेल्या फळ्या आणि ओले घासलेले पोपडे पिशवीत बांधून ठेवावेत आणि विहीर, गोठा, परसातील भाजी यांपासून दूर, नगरपालिकेच्या कचऱ्याच्या जागी नेऊन द्यावेत.